अजिनोमोटो, शुक्राणू आणि अर्काची बाटली

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मजकुराचा गाभा असा: चायनीजच्या गाडीवरचा अजिनोमोटो पुरुषांचे शुक्राणू मारतो हे सिद्ध झालंय, वनस्पतींचा अर्क रोज घेतला की त्यापासून संरक्षण मिळतं, वनस्पतीच ती, अपाय कसला, आणि 21 दिवसांत फरक दिसतो.

'सिद्ध झालंय.' झालंय, पण उंदरांत. अजिनोमोटो, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, भरपूर दिल्यावर नर उंदरांचे शुक्राणू घटतात, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरतं, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. पण भरपूर म्हणजे किती? काही प्रयोगांत शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज 4 ग्रॅमपर्यंत. साठ किलोच्या माणसाला सरळ गुणाकाराने 240 ग्रॅम. हा हिशेब ढोबळ आहे. औषधशास्त्रात उंदरावरून माणसाचा डोस काढताना साधारण 6.2 ने भागतात. तसं केलं तरी रोज 39 ग्रॅमच्या आसपास येतात. वरून अजिनोमोटो घातलेल्या पदार्थाच्या एका वाढणीत तो सहसा अर्ध्या ग्रॅमहून कमी असतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2017 मध्ये ग्लुटामेटची रोजची मर्यादा घालून दिली ती किलोमागे 30 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोला 1.8 ग्रॅम. सढळ हाताने खाणारा ती ओलांडू शकतो, म्हणून रोज नूडल्स खा असं मी म्हणणार नाही. पण मर्यादा ओलांडणं वेगळं आणि प्रयोगातल्या उंदराइतकं पोटात जाणं वेगळं.

'अर्काने संरक्षण मिळतं.' या प्रयोगांचा साचा ठरलेला असतो. एका गटाला काहीच नाही, दुसऱ्याला ग्लुटामेट, तिसऱ्याला ग्लुटामेट आणि अर्क, कधी चौथ्याला नुसता अर्क. गटात मोजके उंदीर. तिसऱ्या गटाचे आकडे दुसऱ्यापेक्षा बरे आले की 'संरक्षक परिणाम' असा निष्कर्ष. वनस्पती बदलते, साचा तोच राहतो. यातून कळतं ते इतकंच, की मुद्दाम केलेली इजा अर्कातल्या अँटीऑक्सिडंटने, म्हणजे पेशींची हानी रोखणाऱ्या घटकांनी, काहीशी कमी होते. मुळात इजा न झालेल्या माणसाला त्याचा उपयोग काय, हे त्या प्रयोगाने विचारलेलंच नसतं.

माणसांवर अँटीऑक्सिडंट तपासले गेलेत. अमेरिकेत 2020 मध्ये दोन चाचण्यांचे निकाल आले. एकीत, 2,370 जोडप्यांत, पुरुषांना जस्त आणि फॉलिक अ‍ॅसिड दिलं. मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही, उलट शुक्राणूंतल्या डीएनएची मोडतोड किंचित जास्त आढळली. दुसरीत अनेक अँटीऑक्सिडंटांचं मिश्रण होतं; वीर्याच्या तपासणीत सुधारणा नाही. अश्वगंधेवर काही लहान चाचण्या आशादायक आहेत, हे खरं. त्यातली एक जेमतेम 46 पुरुषांवर झाली, आणि तिचा अजिनोमोटोशी काहीही संबंध नव्हता.

'वनस्पती आहे, अपाय नाही.' हा दावा मला सर्वांत चुकीचा वाटतो. सरकीतलं गॉसिपॉल चीनमध्ये 1970 च्या दशकात पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून हजारो जणांवर तपासलं गेलं. शुक्राणू घटले, पण रक्तातलं पोटॅशियम उतरू लागलं आणि काहींचे शुक्राणू परत आलेच नाहीत. जयपूरच्या संशोधकांनी पपईच्या बियांचा अर्क वानरांना दिला, तर शुक्राणू नाहीसे झाले. वनस्पती पुरुषाच्या प्रजननक्षमतेवर नक्की परिणाम करू शकते, फक्त दिशा आपल्या मर्जीची असेलच असं नाही.

शिवाय बाटलीत काय आहे? इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक उत्पादनांच्या 2008 च्या तपासणीत जवळपास दर पाचव्या उत्पादनात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. शिसं शुक्राणूंना घातक आहे, आणि त्यासाठी उंदरांचा दाखला लागत नाही; शिशाशी काम करणाऱ्या कामगारांत ते दिसलं आहे.

'21 दिवसांत फरक.' शुक्राणू तयार व्हायलाच साधारण 74 दिवस लागतात. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील, तर दोघांचीही तपासणी आधी करावी. वीर्यतपासणी स्वस्त असते, आणि व्हॅरिकोसीलसारखं (वृषणाजवळच्या शिरा फुगणं) कारण डॉक्टरला हाताने तपासूनही सापडतं.