मेणाचे पुतळे म्हणजे नुसत्या बाहुल्या का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. घरी भाचीच्या लग्नाची गडबड होती म्हणून उत्तराला चार दिवस लागले, राग वगैरे काही नाही. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. लंडनच्या मादाम तुसाँ या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयावरचा माझा लेख जाहिरातीच्या पत्रकासारखा झाला, ते सुरू करणाऱ्या मारी तुसाँची ती फ्रेंच राज्यक्रांतीतली, गिलोटिनने कापलेल्या मुंडक्यांची गोष्ट मी खरी म्हणून लिहून टाकली, मेणाचे पुतळे म्हणजे सेल्फी काढायच्या बाहुल्या, आणि एवढंच कौतुक करायचं होतं तर आपल्या नागपूरच्या अजब बंगल्याचं, म्हणजे इथल्या जुन्या संग्रहालयाचं, काऊन नाही केलं.

मुंडक्यांचं आधी घेते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. राजवाड्यात राहिली, तुरुंगात टाकलं, गिलोटिनसाठी केस कापले, मग जीव वाचवायला कापलेल्या डोक्यांचे साचे घ्यावे लागले, हे सगळं मुख्यतः तिने स्वतः सांगितलेलं आहे, १८३८ सालच्या तिच्या आठवणींमध्ये, आणि इतिहासकार त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर शंका घेतात. मी ‘ती म्हणते’ असं लिहायला हवं होतं. आज लेखात तो परिच्छेद बदलला आहे.

पण दादा, ज्याबद्दल वाद नाही ती गोष्ट याहून मोठी आहे आणि ती मी लेखात दोन ओळीत उरकली, ही माझी खरी चूक. मारीची आई ज्या डॉक्टरकडे घर सांभाळायची तो फिलिप कुर्टियस, शरीरशास्त्रासाठी मेणाचे अवयव बनवायचा, त्यातून माणसांचे चेहरे बनवायला लागला आणि पॅरिसात त्याचं प्रदर्शन जोरात चालायचं. मारी त्याच्याच हाताखाली शिकली, १७७७ साली व्हॉल्तेअर या प्रसिद्ध लेखकाचा चेहरा केला. आता १७८९ चा जुलै पाहा. राजाने नेकर नावाच्या लोकप्रिय अर्थमंत्र्याला काढून टाकलं, बातमी पॅरिसात पोचली तशी १२ जुलैला गर्दी थेट कुर्टियसच्या दुकानात शिरली आणि नेकरचं आणि राजाच्या नात्यातल्या ड्यूक ऑफ ऑर्लिन्सचं अशी दोन मेणाची डोकी उचलून मिरवणुकीने रस्त्यावर घेऊन गेली. सैनिकांनी मिरवणूक अडवली, मारामारी झाली. बास्तीलचा तुरुंग लोकांच्या हाती पडला, जिथून राज्यक्रांती सुरू झाली असं मानतात, तो दोन दिवसांनी.

हे वाचताना मला काय आठवलं सांगू? मारबत. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीतून काळी-पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, निघतात, सोबत नकोशा गोष्टींचे पुतळे, म्हणजे बडगे, निघतात, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून गल्ली दणाणते, १८८० च्या दशकापासून हे आपल्या शहरात चालू आहे. तिथे लोकांनी लाडक्या माणसाचं डोकं मिरवलं, इथे आपण नकोशा गोष्टीचा पुतळा मिरवून जाळतो, पण मागची भावना एकाच जातीची आहे. मारबतीत लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून ओरडलेलं नागपूरकर माणूस ‘पुतळा म्हणजे काय, बाहुलीच’ असं म्हणतं तेव्हा मला खरंच आश्चर्य वाटतं.

आणि तेव्हा फोटो नव्हते हो. पेपरात चेहरा नसायचा. राजा कसा दिसतो, परवा ज्याला मारलं तो खुनी कसा दिसतो, हे साध्या माणसाला कळायचं कुठून? चार पैसे देऊन मेणाचं पाहायचं. १८०२ साली मारी मोठ्या पोराला घेऊन इंग्लंडला गेली, नवरा मागे राहिला तो राहिलाच, आणि पुढची ३३ वर्षं ही बाई पुतळे गाडीत भरून गावोगाव हिंडली. १८३५ ला लंडनमध्ये बेकर स्ट्रीटला एका जागी बसली तेव्हा वय सत्तरीच्या पुढे. १८४२ ला स्वतःचा पुतळा स्वतः केला, १८५० मध्ये गेली. पुढे १८८४ मध्ये तिच्या नातवाने सगळं आत्ताच्या मेरिलबोन रोडवर नेलं, १९२५ ला आग लागली, १९४० ला बॉम्ब पडला त्यात साडेतीनशेच्या वर डोक्यांचे साचे गेले, तरी संग्रहालय उभंच राहिलं. यात मला जाहिरात दिसत नाही, एका कारागीर बाईचा संसार दिसतो.

आता सेल्फीचं. तुम्ही लिहिलं की एका हिल स्टेशनवर तुम्ही असे पुतळे पाहिले आणि नट कोण ते खालच्या पाटीवरून वाचावं लागलं. असू शकतं. नुसत्या फोटोवरून चेहरा घडवला की असं होतं, फोटोत कानामागची खोली कुठून येणार? लंडनवाले शक्य असेल तर माणसाला समोर बसवून अडीचशेच्या आसपास मापं घेतात, शेकडो फोटो काढतात, मग मातीत मॉडेल, त्यावर प्लास्टरचा साचा, साच्यात मेण. मेण थंड झालं की आक्रसतं म्हणून मातीचं मॉडेल मूळ माणसापेक्षा साधारण दोन टक्के मोठं ठेवतात. डोक्यावरचा एकेक केस सुईने खोचतात, डोळ्यातल्या लाल शिरांसाठी रेशमाचे धागे वापरतात. एका पुतळ्याला काही महिने लागतात. अमिताभचा २००० साली झाला, हिंदी सिनेमातला तो पहिला, हे लेखात आहेच.

माझं बालपण चितार ओळीजवळ, इथल्या मूर्तिकारांच्या गल्लीजवळ गेलं. गणपतीच्या आधी शाळेतून येताना आम्ही पोरी दारातच थांबायचो, सगळी मूर्ती रंगून तयार असायची पण डोळे कोरे, आणि मूर्तिकार काका बारीक ब्रश घेऊन आखणीला बसले की आतलं कोणी बोलायचं नाही. एक रेघ, दुसरी रेघ, आणि एकदम समोरची माती आपल्याकडे पाहायला लागायची. अंगावर काटा यायचा. २०१९ मध्ये मुलीकडे लंडनला गेले होते तेव्हा तिथे ती झोपलेली बाई पाहिली, कुर्टियसने मुळात १७६५ ला बनवलेली, जुन्या साच्यातून पुन्हा ओतलेली, आत यंत्र बसवलंय म्हणून छाती हळूहळू वर-खाली होते. मला माहीत होतं की यंत्र आहे. तरी मी नकळत आवाज बारीक करून मुलीला म्हटलं, झोपलीय गं. तोच काटा आला, चितार ओळीतलाच. म्हणून एवढा मोठा लेख झाला, दुसरं काही कारण नाही.

कमेंटमध्ये अजून कोणी तरी लिहिलंय की नागपुरात असं काही काढलं तर मे महिन्यात वितळून जाईल. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशाला वितळतं, त्यामुळे पातळ नाही व्हायचं, पण त्याच्या खूप आधी मऊ पडतं आणि नाकाची, पापणीची धार जाते, म्हणजे बारा महिने एसी लागणार हे खरं.

अजब बंगल्याबद्दल तुमची तक्रार मान्य. १८६३ पासूनचं संग्रहालय आपल्या सिव्हिल लाइन्सला आहे, आणि इथली कितीतरी पोरं एकदाही आत गेलेली नाहीत. त्यावर वेगळं लिहिते, घाईत दोन परिच्छेद लिहून त्याचा अपमान नाही करायचा मला.

शेवटी तुम्ही विचारलं की मुलांना असल्या ठिकाणी नेऊन काय शिकवायचं. न्या ना. कुठल्याही वॅक्स म्युझियमला न्या, फक्त फोटो काढायच्या आधी पोरांना पुतळ्याच्या मागे उभं करा आणि मानेवर जिथे केस संपतात ती जागा पाहायला सांगा. चांगल्या कारागिराने तिथली बारीक लवसुद्धा सोडलेली नसते, आणि ज्याने सोडली आहे तोही तिथेच सापडतो.