शटर सरकारने पाडलं, भाडं कोणी भरायचं?

1 जानेवारी 2026 पासून जर्मनीत हॉटेलात बसून खाल्लेल्या जेवणावरचा कर 19 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आला, आणि तोही कायमचा. (पेयांवर मात्र 19च. बिअर पिणाऱ्यांची सरकारला दया आलेली नाही.) मी जर्मनीतच राहतो; ही बातमी नागपुरातल्या एका शाळूसोबत्याला फोनवर सांगितली. पाचपावलीकडे त्याचं सावजी भोजनालय आहे, वडिलांच्या वेळचं. तो म्हणाला, "तुमचं बरं आहे बे. तिकडं सरकार शटर पाडते अन् पैसेही देते. आमचं शटर पाडलं, अन् वरून म्हणे कर्ज घ्या."

लॉकडाऊन मागे पडून वर्षं झाली, तरी नागपूरला गेलं की हा विषय निघतोच. धरमपेठेतल्या दिवाणखान्यात उलटं ऐकायला मिळतं: तिकडचे लोक कर भरतात म्हणून त्यांना मिळतं, आपल्याकडच्या हॉटेलवाल्यांनी आधी पक्की बिलं द्यावीत, मग हात पसरावा. मला दोघांशीही भांडायचं आहे, मित्राशी जरा कमी.

जर्मनीत काय झालं ते आधी सांगतो, कारण नागपूरला पोचेपर्यंत त्याची दंतकथा झाली आहे. 2 नोव्हेंबर 2020 ला इथली हॉटेलं दुसऱ्यांदा बंद झाली. महिनाभरापुरती म्हणाले होते, टेबलं पुन्हा मांडायला पुढच्या वर्षीचा मे उजाडला. नोव्हेंबर आणि डिसेंबरसाठी सरकारने हिशेब सोपा ठेवला: आदल्या वर्षी त्याच महिन्यात जेवढी विक्री झाली, तिच्या 75 टक्के घ्या. पुढे विक्रीचा विषय सोडून भाडं, वीज, विमा अशा न चुकणाऱ्या खर्चांचा वाटा देऊ लागले. कामगारांची सोय वेगळी होती. नोकरी कागदावर टिकायची, कामाचे तास शून्य व्हायचे आणि बुडालेल्या निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के रक्कम बेकारी विम्याच्या निधीतून मिळायची. बंद लांबला तसा हा आकडा 80 आणि 87 टक्क्यांपर्यंत नेला.

आता दुसरी बाजू. अर्ज बहुतेकांना करसल्लागारामार्फतच करावा लागे. नोव्हेंबरच्या मदतीचा आगाऊ हप्ता आला, पण उरलेली रक्कम सुटायला जानेवारी लागला. 2020 च्या वसंतात छोट्या धंद्यांना तातडीने 9,000 युरोपर्यंत वाटले होते, त्यातले बरेच नंतर परत मागितले, आणि ती भांडणं कोर्टात गेली. सगळ्यात वाईट म्हणजे, इथल्या हॉटेलांतले कितीतरी वेटर 'मिनीजॉब'वर असतात, तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे महिना 450 युरोपर्यंत. त्यांच्या नावाने बेकारी विम्याची वर्गणी जात नाही, म्हणून त्यांच्या हाती काही पडलं नाही. टिपही कोणी पगारात धरली नाही. आणि मदत जाहीर केलेल्या विक्रीवर होती, त्यामुळे ज्याने रोखीची विक्री लपवली होती त्याची मदतही तेवढीच आटली. जर्मनीत अजून रोखीवर चालणारी हॉटेलं किती आहेत हे धरमपेठेतल्या काकांना सांगायला हवं.

नागपुरात पहिला रुग्ण 11 मार्च 2020 ला सापडला आणि दोन आठवड्यांत देशभर टाळं लागलं. बसून खायला परवानगी मिळाली ती 5 ऑक्टोबरला, तीही निम्म्या खुर्च्यांवर. मग 15 ते 21 मार्च 2021 शहरापुरता कडक लॉकडाऊन, आणि एप्रिलपासून राज्यभर फक्त पार्सल. सावजीचं पार्सल म्हणजे काय ते खाणाऱ्याला माहीत आहे. रस्सा पिशवीत बांधता येतो, पण ज्वारीची भाकरी घरी पोचेपर्यंत पापडासारखी होते, आणि त्या रश्श्यावर घाम पुसत, नाक ओढत, शेजारच्या टेबलावरच्याशी बोलत बसण्याचे जे पैसे गिऱ्हाईक देतं ते बुडतात. ॲपवरून विकायचं तर वीस-पंचवीस टक्के कमिशन. मेसवाल्यांना तर पार्सलचाही आधार नव्हता, त्यांच्याकडे जेवणारी विद्यार्थी पोरंच गावी गेली होती.

या काळात मदत नव्हतीच असं मित्र म्हणतो, ते खरं नाही. मदत होती, पण जवळजवळ सगळी उद्यावर ढकलणारी. कर्जाचे हप्ते ऑगस्ट 2020 पर्यंत थांबले, व्याज चालूच राहिलं. वीजबिलातला स्थिर आकार तीन बिलांपुरता पुढे ढकलला, माफ केला नाही. ठेलेवाल्यांना स्वनिधी योजनेतून 10,000 रुपये, तेही कर्जच. आणि मोठी योजना म्हणजे सरकारी हमीचं कर्ज: 29 फेब्रुवारी 2020 ला तुमच्यावर आधीच्या कर्जाची जेवढी बाकी होती तिच्या 20 टक्के. मार्च 2021 च्या शेवटी हॉटेल व्यवसायासाठी ते 40 टक्क्यांपर्यंत वाढवलं.

मित्राच्या वडिलांनी आयुष्यात बँकेचं कर्ज घेतलं नाही. शून्याचे 20 टक्के शून्य, आणि सरकारने मोठ्या मनाने 40 टक्के केले तरी शून्यच. ज्याने ऋण काढून सण केला त्याला आणखी ऋण, ज्याने हातरुमालाला गाठ मारून धंदा केला त्याला काही नाही.

कामगारांचंही तसंच. भविष्यनिर्वाह निधीची मालक आणि कामगार दोघांची मिळून 24 टक्के वर्गणी केंद्राने मार्च ते ऑगस्ट 2020 भरली, पण शंभरपर्यंत माणसं असतील आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांचा पगार 15,000 च्या आत असेल तरच. तो कायदा मुळात वीस माणसांपासून सुरू होतो. भोजनालयात आठ माणसं: दोन आचारी, बाकी वाढपी आणि भांडीवाले, भंडारा-बालाघाटकडचे. ते कुठल्याच यादीत नव्हते. ईएसआय या कामगार विमा योजनेतही नोकरी गेल्यावर सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम नव्वद दिवसांपर्यंत देण्याची तरतूद 2020 मध्ये झाली. म्हणजे जर्मनीसारखा नळ आपल्याकडेही होता, फक्त सावजीच्या स्वयंपाकघरापर्यंत पाइप आलेला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारी आदेशाने शटर पडलं तर त्या दिवसापासूनच्या न टळणाऱ्या खर्चाचा वाटा आदेश देणाऱ्याने उचलावा. कर्ज म्हणून नव्हे, देणं म्हणून. विक्रीच्या 75 टक्के महाराष्ट्राला परवडणार नाहीत, आणि मागूही नयेत. जर्मनीतही त्यावर 'काहींना बंद ठेवूनच जास्त सुटलं' अशी टीका झाली. पण परवाना शुल्क, मालमत्ता कर, विजेचा स्थिर आकार ही सरकारच्याच घरची बिलं आहेत. बंद काळापुरती ती रद्द करायला तिजोरीतून रोकड काढावी लागत नाही. भाड्याचं कठीण आहे. इथे जर्मनीत 2020 च्या अखेरीस कायदा करून भाडेकरूला वाटाघाटीचा हक्क दिला, आणि जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की भाडं कमी होऊ शकतं, पण सरसकट निम्मं नाही, प्रत्येक प्रकरण तपासून. तेवढा हक्क जरी सदर-सीताबर्डीतल्या भाडेकरूला असता तरी जागामालकासमोर बसून बोलता आलं असतं.

आणि बंद पडायला साथच लागते असं नाही. मार्च 2025 मध्ये नागपूरच्या महाल भागातल्या हिंसाचारानंतर शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी होती. काही दिवसांचीच, पण रोजच्या गल्ल्यावर चालणाऱ्याला काही दिवसही पुरतात.

धरमपेठेतल्या काकांचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. मदत विक्रीच्या नोंदीवर द्यायची तर नोंद हवी. जीएसटीची विवरणपत्रं आहेत, पण सेवेच्या धंद्याला 20 लाखांच्या आत नोंदणीच लागत नाही, आणि वाढप्यांची नावं तर मालकाच्या वहीतही पहिल्या नावापलीकडे नसतात. मी मित्राला म्हटलं, आठ जणांची रीतसर नोंद कर, पुढच्या वेळी मागायला तोंड राहील.

"नोंद केली की मदतीच्या आधी इन्स्पेक्टर येते," तो म्हणाला. इन्स्पेक्टर इथेही येतात. सीमाशुल्क खात्याचे गणवेशातले लोक भर दुपारी स्वयंपाकघरात शिरून प्रत्येकाचे कागद तपासतात. ते ऐकून तो जरा थांबला. मग म्हणाला, "अन् एवढं तपासूनही त्या साडेचारशे युरोवाल्या पोरांले काहीच नाही दिलं ना? मग माह्या आठ जणांले देतीन, हे मले कोण लिहून देते?"

मी लिहून देऊ शकत नाही. आदेश काढणाऱ्याने द्यावं, आदेशातच एक कलम घालून.