चौदा दिवसांत नेपाळचा उद्धार कसा करावा

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. सेक्रेटरींचे चिरंजीव नेपाळातल्या एका डोंगरी गावात चौदा दिवस स्वयंसेवा करून आले होते आणि त्याचे एकशेचाळीस फोटो दाखवणार होते. समोसे होते, म्हणून गर्दी बरी जमली. दोन तासांनी बाहेर पडताना शेजारच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या नातीलाही पाठवायचंय हो मे महिन्यात. तुम्हीसुद्धा जाऊन आलात ना? जरा चार टिप्स द्या की."

देतो ना. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः 38,000 रुपये भरून गोरखा जिल्ह्यातल्या एका गावाचं कल्याण करून आलोय. अनुभवाचे बोल आहेत, वहीत लिहून घ्या.

आधी देश निवडा. तो डोंगराळ हवा, गरीब हवा आणि परदेश हवा. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. डोंगर आणि गरिबी आपल्याकडे वेल्ह्यापासून मोखाडा-अक्कलकुव्यापर्यंत हवी तेवढी आहे, एसटी जाते. पण तिथे चौदा दिवस राहून आलात तर लोक विचारतात, "बदली झाली होती का?" नेपाळची एकच खोट आहे, आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, त्यामुळे पासपोर्टवर शिक्का बसत नाही. मनाला लावून घेऊ नका. फोटोत बर्फ दिसला की झालं. गोऱ्या मंडळींना व्हिसा लागतो आणि पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा तिथल्या नियमात बसत नाही. ते तरी कुठे थांबलेत!

आपल्याला काय येतं, हा प्रश्न स्वतःला विचारू नका. एजन्सीनेही मला विचारला नव्हता. फॉर्मवर रक्तगट होता, टी-शर्टचं माप होतं आणि 'व्हेज की नॉनव्हेज' होतं. मी आयुष्यभर बँकेत खर्डेघाशी केली. तिथे मला गवंड्याच्या हाताखाली, रंगारी म्हणून आणि इंग्रजीचा मास्तर म्हणून अशा तीन नोकऱ्या एकदम लागल्या. बँकेचं म्हणाल तर गावातल्या बायकांचा आमा समूह आहे, आपल्या बचत गटासारखा. त्यांची वही मी मोठ्या उत्साहाने तपासायला घेतली. पैशाला पैसा जुळत होता. म्हणजे तिथेही माझी गरज नव्हती.

डोको म्हणजे तिथली बांबूची टोपली पाठीवर घेऊन, नाम्लो म्हणजे तिचा पट्टा कपाळाला लावून फोटो काढा. रिकामा डोको.

जेवणाचं कौतुक करा. रोज दोन वेळा दाल-भात-तरकारी. चौथ्या दिवशी बॅगेतली चिवड्याची पिशवी रात्री पांघरुणात उघडा, आवाज न करता. आणि एकदा ढिंडो, म्हणजे पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, खाऊन "काय हे सुपरफूड!" असं म्हणा. तो कोदोचा असतो. नेपाळी कोदो म्हणजे आपली नाचणी, जी तुमच्या आजीने दिली तेव्हा तुम्ही तोंड वाकडं केलं होतं.

आता भिंत. प्रत्येक स्वयंसेवकाला रंगवायला एक भिंत लागते आणि ती शाळेची असावी असा संकेत आहे. मला मिळाली ती पिवळी होती आणि तिच्यावर हिरवा रंग द्यायचा होता. आधी पॉलिशपेपर मारायचा म्हणून मी घासायला बसलो. पिवळ्याखाली निघाला आकाशी. आकाशीखाली जगाचा नकाशा होता, त्यात हिंदुस्थानच्या पोटात नेपाळ बुडालेला. त्याच्याखाली लाल रंगात उमटवलेले हाताचे पंजे, चांगले मोठ्ठे, मुलांचे नव्हेत. एकाखाली कुणीतरी आपलं नाव आणि साल लिहून ठेवलं होतं. माझा हिरवा धरून पाच थर झाले. भिंतीला काही झालं तर रंगाच्या आधारावर उभी राहील, इतपत सेवा तिच्यावर झाली होती. त्याच भिंतीच्या मागे मुलींचा संडास होता. त्याला पाणी नव्हतं, कारण टाकीकडून येणारा पाइप वरच्या बांधावर फुटला होता. किती दिवस? हेडसर म्हणाले, गेल्या असारपासून. म्हणजे आपल्या आषाढापासून. मी गेलो होतो माघात. पाइप कुणीच बदलला नव्हता, कारण पाइपसमोर उभं राहून फोटो कसा काढणार?

भिंतीचा विषय निघालाच आहे तर बांधकामाचंही ऐका. 25 एप्रिल 2015 चा भूकंप याच जिल्ह्यातल्या बारपाकजवळचा, 7.8 तीव्रतेचा. शनिवार होता, नेपाळात शाळांना शनिवारी सुट्टी असते, म्हणून पोरं वर्गात सापडली नाहीत. वर्गखोल्या मात्र हजारोंनी पडल्या. माणसं जवळजवळ 9,000 गेली. दगड-मातीची घरं होती, सांध्यांना धरून ठेवणारं काही नव्हतं, हादऱ्याबरोबर भिंती बाहेर कोसळल्या. त्यानंतर सरकारने घरामागे 3 लाख नेपाळी रुपये हप्त्याहप्त्याने दिले आणि गवंड्यांना शिकवलं, की भिंतीत अमुक उंचीवर आडवी पट्टी घालायची, कोपरे असे बांधायचे. आमच्या घरमालकीणबाईंचा, म्हणजे दिदीचा, दीर असं शिकलेला गवंडी. रोज बाराशे नेपाळी. आणि अशा गावात, अशा शाळेची संरक्षक भिंत बांधायला कोण? मी! स्पॉन्डिलायटिसचा पट्टा बांधून! माझ्या जोडीला हैदराबादचा एक मार्केटिंगवाला आणि बेल्जियमची एक मुलगी. आम्ही तिघांनी सहा दिवसांत जेवढे दगड रचले तेवढे त्या माणसाने एका सकाळी रचले असते, आणि पडले नसते. तो कुठे होता म्हणता? बांधावर बसून आमच्याकडे बघत होता. त्याला काम नव्हतं. फुकटात काम करणारे तीन बैल शाळेला मिळाल्यावर त्याला रोज कोण देणार? दोन महिन्यांनी तो कतारला गेला.

शेवटच्या रात्री मी दिदीला विचारलं, माझे तुम्हाला किती मिळतात? तिने लाजत सांगितलं, दिवसाचे पाचशे. नेपाळी. चौदा दिवसांचे सात हजार. आपल्या शंभराला त्यांचे एकशेसाठ, हा दर 1993 पासून बदललेला नाही, तेव्हा हिशोब सोपा आहे: 4,375 रुपये. मी भरले होते 38,000. उरलेल्या 33,625 रुपयांत त्या दिराचा चव्वेचाळीस दिवसांचा रोज निघाला असता. चव्वेचाळीस दिवस! अख्खी भिंत बांधून, संडासाचा पाइप बदलून, वर गोठाही बांधला असता त्याने. पण मग त्या पैशांत मला हिरव्या रंगाचा टी-शर्ट मिळाला नसता. पाठीवर 'चेंजमेकर' लिहिलेला. तो पहिल्या धुण्यात गेला. रंगही आणि शब्दही.

असो. उपरोध सुटत चालला. टिप्सकडे वळू.

इंग्रजी शिकवताना सुरुवात नेहमी 'व्हॉट इज युवर नेम'पासून करा. आधीच्या माणसाने कुठवर आणलंय ते विचारू नका. सातवीतल्या एका मुलीने माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत नाव, गाव, आवडता रंग आणि छंद सगळं एका दमात म्हणून दाखवलं आणि मग मलाच विचारलं, "कति दिन?" किती दिवस. मी चौदा म्हटल्यावर तिने मान डोलावली आणि वही मिटली. तुमच्या घरी मोलकरीण दर पंधरा दिवसांनी बदलली तर काय होतं आठवा. ही तर शिकवणी आहे. आणि गणिताचे सर व्हरांड्यात उभे, त्यांचा तास मला दिलेला, दहावीची परीक्षा तोंडावर आलेली.

अनाथाश्रमाला भेट द्यायची असेल तर… नाही. यावर टीप देत नाही. हे फक्त वाचा. नेपाळातल्या बालगृहांमधल्या बहुतेक मुलांचे आईबाप, निदान दोघांपैकी एक तरी, जिवंत आहेत. माओवादी यादवीच्या दहा वर्षांत (1996 ते 2006) हुमलासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून 'शहरात शाळेत घालतो' म्हणून आईबापांकडून पैसे घेऊन दलालांनी पोरं आणली आणि पाहुण्यांपुढे अनाथ म्हणून उभी केली. ही बालगृहं काठमांडू, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या वाटेवर दाटीने आहेत, यात योगायोग नाही. भूकंपानंतर सरकारला मुलांना आईबापांशिवाय जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घालावी लागली. तुम्ही खेळणी घेऊन जाता, पोर मांडीवर बसतं, फोटो निघतो, देणगी जाते आणि त्या देणगीपायी आणखी एक पोर डोंगरातून खाली आणलं जातं. चिरंजीवांच्या एकशेचाळीसपैकी बावीस फोटो अशाच मांडीवरच्या पोरांचे होते. मी मोजले. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

परत आल्यावर दोन वाक्यं पाठ हवीत. एक, "त्यांच्याकडे काहीच नाही, पण ते किती आनंदी आहेत!" दुसरं, "मी त्यांना काय शिकवणार, त्यांनीच मला शिकवलं." दुसरं अगदी खरं असतं. मग शिकवणीची फी तुम्ही द्यायला हवी होती की नको, हे कुणी विचारत नाही. आणि आनंदाचं म्हणाल तर बाबांनो, घरी पाहुणा आला की आपणही हसतो. तुमच्याकडे कुणी आलं आणि चौदा दिवस राहिलं, तर पंधराव्या दिवशी तुमचा खरा आनंद बघण्यासारखा असतो.

आता रविवारचं उरलेलं सांगतो, जे काकूंनी पाहूनही पाहिलं नाही.

कार्यक्रमाच्या मध्यात अध्यक्षांना कल्पना सुचली. गेटवरच्या वॉचमनला वर बोलावून घेतलं. "ये रे बहादुर, बघ तुझा देश!" आणि पडद्याकडे बोट करून, "ओळखतोस का हे गाव?" तो अछामचा, म्हणजे नेपाळच्या पार पश्चिमेकडच्या जिल्ह्यातला. म्हणजे सावंतवाडीच्या माणसाला गोंदियाची गल्ली दाखवून ओळखतोस का विचारण्यातला प्रकार. तो हसला आणि "छान आहे साहेब," म्हणाला. मग सगळ्यांनी त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या, आणि कार्यक्रम संपल्यावर साठ खुर्च्या त्याने एकट्याने उचलल्या. चिरंजीव तेव्हा फोटो कुणाकुणाला पाठवायचे याच्या यादीत गुंतले होते.

त्याचं नाव बहादुर नाही. सात वर्षं तो आपल्या गेटवर आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही, पण तुम्हाला ते माहीत नाही हे मात्र लिहितो.

आणि अध्यक्षमहाराज, सेक्रेटरीसाहेब, गेल्या नवरात्रातला तुमचा ठरावही लिहितो. त्याने दसैंसाठी रजा मागितली होती. दसैं त्यांचा सगळ्यात मोठा सण, घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत चालतो. विजयादशमीला घरातलं वडीलधारं माणूस कपाळाला कुंकू-दह्यात कालवलेल्या तांदळाचा टिका लावतं आणि जमरा देतं, म्हणजे आपण घटात धान्य पेरतो तसेच उगवलेले पिवळे कोंब. तुम्ही त्याला रजा दिलीत पाच दिवस. पाच! पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून बसने बनबसा, तिथून सीमा ओलांडून महेंद्रनगर, मग डडेलधुरावरून वर अछाम, आणि शेवटी पायी. जायलाच तीन दिवस लागतात. यायला तीन. पाच दिवसांत काय करायचं त्याने? वेशीला हात लावून परत पळत सुटायचं, आट्यापाट्या खेळल्यासारखं? गेला नाही तो. आईने व्हिडिओ कॉलवर मोबाइललाच टिका लावला. मला दाखवला त्याने तो स्क्रीनशॉट, काचेवर लाल तांदूळ चिकटलेले.

त्याच कमिटीने रविवारी नेपाळच्या सेवेबद्दल चिरंजीवांना शाल आणि नारळ दिला.

लाज वाटायला हवी होती हो आपल्याला. मलाही. गोरखा जिल्ह्यात भिंत रंगवायला गेलो, आणि रत्नागिरी-देवगडच्या बागा राखणारे, आपल्या गेटवर रात्रभर शिट्टी फुंकणारे लोक त्याच देशातून आलेत, त्यांच्या पोरांना चौदा दिवस इंग्रजी नको असतं, बाप हवा असतो, हे मला विमानात सुचलं नाही. नेपाळच्या एकूण उत्पन्नाचा सुमारे पाव हिस्सा अशा बाहेर राबणाऱ्यांनी पाठवलेल्या पैशांचा आहे. देश तेच चालवतात. तुमचा टी-शर्ट नाही.

तेव्हा काकू, टिप्स संपल्या. नातीला पाठवायचं तर हिंडायला पाठवा, ट्रेक करू दे, चहाच्या दुकानात पैसे मोजून चहा पिऊ दे, गावातल्या दिदीकडे थेट राहून थेट तिच्या हातात पैसे देऊ दे. उद्धार वगैरे म्हणू नका फक्त. आणि अगदी स्वयंसेवेचीच हौस असेल तर मी लिफ्टजवळ एक कागद लावलाय. येत्या दसैंला आपल्या वॉचमनला एकवीस दिवस भरपगारी रजा, आणि त्या एकवीस रात्री गेटवर आपण आळीपाळीने बसायचं. रात्री आठ ते सकाळी आठ. डास आहेत, बर्फ नाही.

तीन दिवस झाले, कागदावर माझं एकट्याचं नाव आहे. काल चिरंजीव लिफ्टमध्ये भेटले तेव्हा पेन पुढे केलं. म्हणाले, "नक्की काका, पण थोडे दिवस जाऊ द्या. नेपाळहून आल्यापासून माझं बॉडी क्लॉकच सेट होत नाहीये."

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं.