तिला खंबीर म्हणणं थांबवा

मी अटलांटाच्या एका उपनगरात फार्मसिस्ट आहे. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणाऱ्या मेंदूच्या स्थितीचं, औषध न्यायला माझ्या काउंटरवर ज्या बायका येतात, त्यांतल्या बऱ्याच कृष्णवर्णीय आहेत आणि त्यांचं निदान तिशी-चाळिशीत पहिल्यांदा झालेलं आहे. कुणी नर्स, कुणी वकील, कुणी शाळेत शिकवते. त्यांच्याबद्दल लोक एकच बोलतात: केवढी खंबीर बाई! हे कौतुक थांबवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या कौतुकापायी या बायकांना मदत मिळायला वर्षानुवर्षं उशीर होतो.

एडीएचडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वर्गात धिंगाणा घालणारा मुलगा येतो. मुलींमध्ये ते पुष्कळदा वेगळं दिसतं. पोरगी गप्प बसलेली असते, मन भलतीकडेच. मोठेपणी बिल समोर असतं, खात्यात पैसे असतात, आज शेवटची तारीख आहे हेही ठाऊक असतं, तरी हात पुढे जात नाही. मग लेट फी, मग रात्रभर स्वतःवर चरफड. याला आळस म्हणू नका. काम सुरू करणं, वेळेचा अंदाज घेणं, चार पायऱ्या क्रमाने डोक्यात धरून ठेवणं, ही मेंदूची कामंच त्यांना जड जातात, आणि यात आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा आहे. निदानाच्या अमेरिकन निकषांत लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत अशी अट होती. 2013 मध्ये त्या निकषांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती, डीएसएम-5, आली तेव्हा ती अट बाराव्या वर्षावर गेली. उशिरा लक्षात येणाऱ्या किती मुली त्या जुन्या अटीने बाहेर ठेवल्या असतील!

इथवर सगळ्याच मुलींचं झालं. कृष्णवर्णीय मुलींचं दुखणं याहून खोल आहे. त्याच 2013 साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. घरची परिस्थिती, वागणूक, अभ्यासातली प्रगती हे सगळं हिशेबात धरूनही आठवीपर्यंत एडीएचडीचं निदान होण्याची शक्यता गोऱ्या मुलामुलींपेक्षा कृष्णवर्णीय मुलामुलींत 69 टक्क्यांनी कमी निघाली. आता याच्याशेजारी अमेरिकेच्या शिक्षण खात्याचे 2011-12 चे आकडे ठेवा: शाळेतून सस्पेंड झालेल्या कृष्णवर्णीय मुली 12 टक्के, गोऱ्या मुली 2 टक्के. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या 2017 च्या अभ्यासात तर असं दिसलं, की मोठ्या माणसांना कृष्णवर्णीय मुली त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस आणि जास्त ‘मोठ्या’ वाटतात, आणि हे पाचव्या वर्षापासून सुरू होतं. पाच वर्षांच्या लेकराकडे असं बघणाऱ्या वर्गात, बाईंचं वाक्य तोडून मधेच बोलणारी मुलगी डॉक्टरकडे कशी पोहोचणार? ती प्रिन्सिपलच्या ऑफिसबाहेरच्या खुर्चीवर पोहोचते.

माझी एक जिवाभावाची मैत्रीण यातूनच गेली आहे. नाव लिहीत नाही. तिला विचारून हे लिहिते आहे. तिच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी ‘हुशार आहे पण उलट बोलते’ असा शेरा असायचा. घरी आई सांगायची, गोऱ्यांच्या निम्मं मिळवायला आपल्याला दुप्पट राबावं लागतं. कृष्णवर्णीय घरांत पिढ्यान्‌पिढ्या हे मुलांना सांगितलं जातं. त्यात माया आहे, आणि अनुभवातून आलेलं खरेपणही आहे. पण एडीएचडी असलेल्या मुलीला आधीच प्रत्येक कामाला दुप्पट ताकद लागते. त्याच्या दुप्पट म्हणजे किती? ती रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वह्या पुन्हा लिहून काढायची, आणि मार्क चांगले पडायचे म्हणून कुणाला शंकाच आली नाही. चेरिल वुड्स-जिस्कोम्बे या संशोधिकेने 2010 मध्ये या सगळ्याला ‘सुपरवुमन स्कीमा’ म्हटलं: भावना दाबायच्या, कुणावर अवलंबून राहायचं नाही, स्वतःच्या आधी सगळ्यांचं बघायचं, कमकुवत दिसायचं नाही.

ही ‘दुप्पट राबा’ची गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. कोट्यातून आली म्हणून जिच्याकडे बघितलं जातं, त्या दलित मुलीला विचारा, एक चूक करायची मुभा तिला किती असते. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेकडे बघूनच. तरीही इथल्या, अमेरिकेतल्या, मराठी घरांत ‘हे लोक ना, कधी वेळेवर येत नाहीत’ असं सहज बोललं जातं. उशीर झालेली गोरी बाई विसराळू ठरते आणि कृष्णवर्णीय बाईच्या उशिराचा ठपका तिच्या अख्ख्या समाजावर बसतो. हे तिला माहीत असतं, म्हणून ती मीटिंगच्या आधी पाऊण तास गाडीत येऊन बसते. माझी मैत्रीण अजूनही बसते.

औषध घेण्याबद्दलचा संशयही समजून घ्या. शेजारच्या अलाबामात टस्कीगी इथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस हा गुप्तरोग उपचारांविना नुसता बघत ठेवला. तो बरा करणारं पेनिसिलिन पुढे हाताशी आलं तरी! असा इतिहास असलेल्या घरात डॉक्टरने लिहून दिलेली गोळी लगेच तोंडात जात नाही. म्हणून मला सिमोन बाइल्स या कृष्णवर्णीय अमेरिकन जिम्नॅस्टचं फार मोल वाटतं. रिओ ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकून ती आली, आणि सप्टेंबर 2016 मध्ये हॅकर्सनी तिची वैद्यकीय कागदपत्रं फोडली. तिने सरळ सांगून टाकलं, की आपल्याला एडीएचडी आहे, लहानपणापासून औषध घेते आणि यात लाजण्यासारखं काही नाही. औषधाची रीतसर परवानगी होतीच.

आणि गोळी घ्यायची ठरवली, तरी ती मिळवायची कशी? अ‍ॅडरॉल, रिटालिन ही औषधं शेड्यूल दोनमध्ये, म्हणजे गैरवापराच्या भीतीने कडक नियंत्रणात ठेवलेल्या औषधांत, येतात. त्यांना रिफिल नाही, म्हणजे एकाच प्रिस्क्रिप्शनवर पुन्हा औषध मिळत नाही. दर वेळी नवं प्रिस्क्रिप्शन, ते ठरावीक तारखेच्या आधी भरता येत नाही, इन्शुरन्सची मंजुरी वेगळी. ऑक्टोबर 2022 मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, अ‍ॅडरॉलचा तुटवडा जाहीर केला, तेव्हा बायका दुकानामागून दुकान फोन करत होत्या. फोन करणं, तारखा सांभाळणं, पाठपुरावा: नेमकं जे जमत नाही म्हणून औषध लागतं, तेच औषधासाठी करावं लागतं. त्यात माझ्या मैत्रिणीला एका दुकानात ‘तुम्हाला हे खरंच कशासाठी हवंय?’ असं सगळ्यांसमोर विचारलं गेलं. मी याच धंद्यात आहे, त्या प्रश्नाचा सूर मला ओळखू येतो.

आता तिचं बरं चाललंय, आणि ते जास्त राबून झालेलं नाही. बिलं सगळी ऑटोपेवर आहेत. किल्ल्या दाराच्या आतल्या खिळ्यावर, पर्समध्ये कधीच नाही. केसांचं बघा. तिचे केस धुणं म्हणजे गुंता काढणं, धुणं, कंडिशनर, बट-बट वेगळी करून विंचरणं, तेल, मग पीळ घालणं, अर्धा दिवस मोडतो; आणि मधल्या एका पायरीला लक्ष उडालं की ओले केस तसेच. म्हणून ती बारीक वेण्या घालून घेते. कित्येक आठवडे सकाळचा तो प्रश्नच उरत नाही. कागदपत्रांचं काम असलं की मला व्हिडिओ कॉल लावते. मी इकडे भाजी निवडते, ती तिकडे फॉर्म भरते. बोलत नाही, नुसती सोबत. चर्चमधल्या सगळ्या कमिट्या तिने सोडल्या, क्वायर तेवढं ठेवलं, कारण त्याची वेळ पक्की असते आणि शेजारी माणसं असतात. कमिट्या सोडताना लोक नाराज झाले. होऊ देत. पाळीच्या आधीच्या दिवसांत लक्ष जास्त विस्कटतं हे ध्यानात आल्यावर त्या आठवड्यात ती मोठी कामं घेत नाही.

तिचं ब्लडप्रेशर मात्र मी मागे लागून तपासायला लावते. या औषधांनी ते थोडं वाढू शकतं, आणि कृष्णवर्णीय बायकांत आधीच त्याचं प्रमाण फार आहे.

यंदा हीच वेळ तिच्या मुलीवर आली. टीचर म्हणाल्या, ‘वयाच्या मानाने किती समजूतदार आहे, सांभाळून घेईल ती.’ मैत्रिणीने तिथल्या तिथे शाळेकडे लेखी तपासणी मागितली. 504 प्लॅन, म्हणजे शाळेने द्यायच्या सवलतींचा लेखी आराखडा, मिळाला. परीक्षेला जादा वेळ आणि पुढची जागा.

इथे अमेरिकेत आपल्या मराठी लोकांपैकी कितीतरी जण डॉक्टर आहेत, मॅनेजर आहेत. समोरची बाई दमलेली दिसली तर तिचं कौतुक करू नका, कधीपासून असं होतंय ते विचारा. डॉक्टरांनो, नव्वद दिवसांपर्यंतची वेगवेगळ्या तारखांची प्रिस्क्रिप्शनं एकदम लिहून देता येतात, 2007 पासून तशी मुभा आहे, ती वापरा. ऑगस्ट 2023 पासून शेड्यूल दोनचं न भरलेलं ई-प्रिस्क्रिप्शन एकदा दुसऱ्या फार्मसीत पाठवता येतं, हे पेशंटला सांगा. अ‍ॅटोमॉक्सेटिनसारखी रिफिल चालणारी औषधंही आहेत, काहींना ती लागू पडतात. आमच्या जॉर्जिया राज्यात कुणाचं औषध अडलं असेल, आणि ती बाई मराठी नसली तरी, मला इनबॉक्समध्ये लिहा. कुठे काय विचारायचं ते मी सांगेन.