काँटिनेंटल नोटा इंग्रजांनी बुडवल्या नाहीत

कोल्हापुरात जुनी नाणी-नोटा जमवणाऱ्यांच्या मोबाईलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. अमेरिकेच्या क्रांतिकारी सरकारने इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात काढलेल्या ‘काँटिनेंटल’ नोटा पहिल्या दिवसापासून रद्दीच होत्या, इंग्रजांनी बनावट नोटा पसरवून त्या बुडवल्या आणि धारकांच्या हाती शेवटी छदामही लागला नाही, असे त्यात म्हटले आहे.

पहिले विधान सरळ चुकीचे आहे. जून 1775 मध्ये काँग्रेसने, म्हणजे उठाव केलेल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, 20 लाख डॉलरच्या नोटा मंजूर केल्या, त्या सुमारे वर्षभर बहुतांशी दर्शनी किमतीला चालल्या आणि वॉशिंग्टनच्या सैन्याचा खर्च त्यांतूनच भागला.

बनावट नोटांचा मुद्दा मात्र अगदीच निराधार नाही. 1777 मध्ये इंग्रजांच्या ताब्यातील न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात, वसाहतींकडे जाणाऱ्यांना नकली नोटा कागदाच्या किमतीत मिळतील, अशी उघड जाहिरात आली होती आणि 1779 मध्ये काँग्रेसला दोन मालिका चलनातून काढून घ्याव्या लागल्या. कागदात अभ्रकाचे कण, हाताने केलेल्या सह्या, मागे मुद्रक बेंजामिन फ्रँकलिनच्या युक्तीने खऱ्या पानावरून घेतलेला बारीक शिरांचा ठसा, इतका बंदोबस्त करूनही नकला झाल्याच. परंतु त्याच 1779 च्या अखेरीपर्यंत काँग्रेसने स्वतःच सुमारे 20 कोटी डॉलरच्या खऱ्या नोटा बाजारात सोडल्या होत्या. त्या परत घ्यायच्या तर कर हवा, आणि कर बसवण्याचा अधिकार काँग्रेसला नव्हता. ते काम ज्या 13 राज्यांवर सोपवले होते, ती स्वतःच्याही नोटा छापत होती. ज्याच्यावर हुंडी काढली तो ती सकारेल, म्हणजे तिचे पैसे देईल, याची खात्री नसेल तर तिचे काय होते, हे लक्ष्मीपुरीतल्या जुन्या पेढीला सांगावे लागणार नाही. 1787 च्या संविधानाने केंद्राला कराचा अधिकार दिला आणि राज्यांना नोटा काढण्यास मनाई केली; मूळ दोष नकलाकारांचा असता तर उपाय वेगळा निघाला असता. परका खलनायक मिळाला की गोष्ट रंगते, म्हणून बहुधा मजकूर रचणाऱ्याने हा भाग गाळला असावा.

‘छदामही नाही’ हेही खरे नाही. मार्च 1780 मध्ये काँग्रेसनेच 40 नोटी डॉलर म्हणजे 1 चांदीचा डॉलर असा दर ठरवला. पुढे 1790 च्या कायद्याने शिल्लक नोटा 100 ला 1 या दराने सरकारी रोख्यांत बदलून दिल्या. हा दर धारकाला बुडवणाराच होता, पण तो ठरवला अमेरिकेच्याच सरकारने.