बोटाला शाई नसलेले काका

जळगावच्या काव्यरत्नावली चौकात आमचा कट्टा रात्री नऊनंतर भरतो. परवा वाद पेटला तो बंटीच्या भावामुळे. भाऊ लंडनला आयटीत आहे. पासपोर्ट अजून भारताचाच, तरी तिथल्या कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या निवडणुकीत मत टाकून आला आणि केंद्राबाहेरचा फोटो ग्रुपवर पाठवला.

आप्पांचा विश्वास बसेना. भुसावळ रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, कागद पाहिल्याशिवाय काही मानत नाही. "काय बोलू राह्यला तू? परदेशी माणसाले मत?"

वकिलानं चहा खाली ठेवला. "कॉमनवेल्थ देशाचा नागरिक, म्हणजे भारताचाही, तिथं रीतसर राहत असेल तर मत देतो आप्पा. कौन्सिललाच नाही, पार्लमेंटलाही."

"दीडशे वर्षं राज्य केलं, त्याचं व्याज देऊ राह्यले मग."

हसून झालं. बंटी मात्र अडून बसला. त्यानं रस्त्यापलीकडच्या कटपीसच्या दुकानाकडं बोट दाखवलं. दुकानातले सिंधी काका सिंधमधून आलेले, त्याला वीस वर्षं उलटली. दीर्घकालीन व्हिसावर राहतात. आधार आहे, पॅन आहे, लायसन्स आहे. दुकानासमोरचा खड्डा दर पावसाळ्यात स्वतःच मुरूम आणून बुजवतात. नागरिकत्वाच्या अर्जातला कुठलासा कागद अडलाय. "माझ्या भावाला तिकडं मत, यांना इथं वॉर्डात का नाही?"

"आधार हा नागरिकत्वाचा कागदच नाही," वकील म्हणाला. "मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथं राहिलेल्या कोणालाही मिळतो. मतदार यादीला १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा लागतो. त्यात दोन्ही पाहिजे. माणूस तिथला राहणारा हवा आणि भारताचा नागरिकही हवा."

अमळनेरचा दादा एवढा वेळ शेंगा फोडत होता. तो म्हणाला, "सुरतमा आपला लोके नगरसेवक व्हयनात. तठे कोन्ही इचारं का, तू कोठला शे?"

मुद्दा वजनदार होता. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकाराऊतला जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून गुजरातेत नवसारीचे खासदार आहेत. पण वकिलानं तो तिथंच कापला. "दादा, त्यांनी राज्य बदललं. देश कुठं बदलला?"

मग आप्पांनी सोसायटी काढली. "भाडेकरू मेंटेनन्स भरतो, लिफ्ट वापरतो. पण सोसायटीच्या मीटिंगले त्याले मत असतं का? मत मालकाचं." इथं मला बोलावं लागलं. भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा. काका उद्या कुठं जाणार आहेत? सिंधमध्ये त्यांचं घर उरलेलं नाही, आणि नळाला पाणी कधी येतं हे आमच्याआधी त्यांना माहीत असतं. गटार, नळ, दिवा, कचरागाडी यासाठी देशावरचं प्रेम कशाला मोजायचं? परराष्ट्र धोरण काय नगरसेवक ठरवतो?

वकिलाला हे पटलं नाही, पण मजा आली. मग त्यानं बाहेरच्या गोष्टी काढल्या. आयर्लंडनं १९६३ मध्येच नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही स्थानिक मत दिलं. स्वीडननं १९७५ ला कायदा केला, तीन वर्षं राहिलात की मत. न्यूझीलंडमध्ये कायमचे रहिवासी थेट संसदेलाही मत देतात. उलट जर्मनीत दोन राज्यांनी असाच कायदा केला, तो तिथल्या घटना न्यायालयानं १९९० मध्ये उडवला. न्यूयॉर्क शहरानं नागरिक नसलेल्या आठेक लाख लोकांना मत देणारा कायदा केला, तोही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये सहा विरुद्ध एकनं रद्द केला. त्या राज्याच्या घटनेत 'नागरिक' शब्द आहे म्हणून.

"आपल्याकडं?" बंटी.

"मत नागरिकाला, असं आपल्या घटनेचं कलम ३२६ सांगतं, पण ते लोकसभा आणि विधानसभेबद्दल बोलतं. महापालिकेचं नाव त्यात नाही. म्हणजे राज्यानं मनावर घेतलं तर वाद घालायला जागा आहे." वकिलाच्या तोंडून हे ऐकून आम्ही सगळेच जरा दचकलो. त्यानं लगेच सावरलं. "पण घोडं यादीपाशी अडतं. महापालिकेला वेगळी यादी नसते, विधानसभेचीच यादी वॉर्डावार फोडतात. काकांचं नाव त्यात घातलं की ते आमदारालाही मत देणार."

अमेरिकेत मेरीलँडमध्ये टाकोमा पार्क नावाचं छोटं शहर आहे. तिथं गेली तीसेक वर्षं परदेशी रहिवाशांची नावं वेगळ्या यादीत असतात, फक्त शहराच्या निवडणुकीपुरती. हे मी सांगितलं आणि आप्पा खो खो हसले. "इथं एका यादीतून मेलेले निघेनात, अन् तू दुसरी करू राह्यला!"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या मातोश्रींचं नाव त्या गेल्यावरही दोन निवडणुका यादीत होतं.

स्वीडनचा आकडाही आप्पांच्याच बाजूचा निघाला. १९७६ ला तिथल्या परदेशी मतदारांपैकी ६० टक्क्यांच्या आसपास लोक केंद्रावर गेले, पुढं ते प्रमाण ३५ पर्यंत उतरलं. "पाह्य, दिलं तरी वापरत नाहीत." दादा म्हणाला, "आपला वॉर्डमा काय येगळं शे?"

माझं म्हणणं मी सोडलं नाही. वेगळी यादी अवघड असेल, तर अर्जाला मुदत घाला. अमुक महिन्यांत हो किंवा नाही सांगा. वीस वर्षं माणसाला उंबऱ्यावर उभं ठेवायचं आणि वर म्हणायचं, तू घरचा नाहीस. आप्पा म्हणाले, "हे मले पटतं. पण मत कागद झाल्यावरच." बंटीला तेही पटलं नाही. त्याला उद्याच मत हवं होतं.

तेवढ्यात काका दुकान ओढून आमच्याकडं आले. नेहमीचा अर्धा चहा घेतला. विषय कळल्यावर काही बोलले नाहीत. मग महापालिकेच्या निवडणुकीतली एक गोष्ट सांगितली. उमेदवार वीस-पंचवीस जण घेऊन गल्लीत आला होता. काका दारातच उभे होते. त्यानं वाकून हात जोडले. मागून कोणीतरी कानात सांगितलं, "यांचं मत नाही." त्यानं हात सोडले नाहीत. जोडलेलेच घेऊन तो शेजारच्या दाराकडं वळला.

"मी पण जोडले होते," काका म्हणाले, आणि कप टपरीवाल्याला परत दिला.