म्हणे आय-७ शिवाय इंजिनिअरिंग होत नाही!

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडच्या याद्या लागू लागल्या की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. सार असं: इंजिनिअरिंगच्या लॅपटॉपला आय-७ (इंटेलचा वरच्या श्रेणीचा प्रोसेसर), ग्राफिक्स कार्ड आणि १ टीबी स्टोरेज हवंच, सेकंडहँडच्या वाटेला जाऊ नका, लाखभर गेले तरी चार वर्षं बघायला नको. खिशात चाळीस हजार असलेला माणूस हे वाचून ईएमआयची चौकशी करायला लागतो. म्हणून हा उपद्व्याप.

आधी आय-७. नुसत्या या आकड्याला अर्थ नाही, पिढी कोणती ते विचारा. २०१६ च्या, म्हणजे सातव्या पिढीच्या, आय-७ ७५००यू मध्ये दोन कोअर (काम करणारे गाभे) आहेत, २०२२ च्या आय-३ १२१५यू मध्ये सहा. हा आय-३ त्या आय-७ ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचीच लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट (अपडेट मिळणं) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. तेव्हा ‘आय-७ आहे हो’ म्हणत कोणी सातव्या पिढीचा लॅपटॉप गळ्यात मारत असेल तर हात जोडा.

ग्राफिक्स कार्ड? पहिल्या वर्षाचं सी आणि पायथॉनचं प्रोग्रॅमिंग कशावरही चालतं. (काही ठिकाणी अजून टर्बो सी हे जुनंपुराणं सॉफ्टवेअरच शिकवतात, त्याला तर डॉसच्या जमान्यातलं मशीनही पुरेल.) मशीन लर्निंगच्या प्रॅक्टिकलपुरता जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमधून कोड चालवायच्या सोयीवर, फुकट मिळतो. सॉलिडवर्क्स किंवा रेव्हिट या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर मोठी मॉडेल करणाऱ्यांना कार्डाचा खरा उपयोग आहे, ते मान्य. बाकीच्यांनी सव्वादोन-अडीच किलोचं धूड आणि विटेएवढा चार्जर रोज लोकलमधून कशाला वागवायचा?

१ टीबी जर हार्ड डिस्क (फिरत्या तबकडीची, संथ) असेल तर नकोच. ५१२ जीबी एसएसडी (चिपवरचं वेगवान स्टोरेज) घ्या.

गंमत म्हणजे ज्यावर खरं अडतं त्या रॅमबद्दल मेसेजात अवाक्षर नाही. ८ जीबी किमान. अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) एम्युलेटरसकट, म्हणजे पडद्यावरच्या नकली फोनसकट, चालवायचा तर १६. दुकानदाराला एकच विचारा: रॅम बोर्डावर सोल्डर केलेली (कायमची चिकटवलेली) आहे की जादा रॅमसाठी स्लॉट रिकामा आहे? स्लॉट असला तर आज ८ वर भागवून पुढे वाढवता येते.

आता सेकंडहँड. भीती अगदीच खोटी नाही, पण सरसकट नकार म्हणजे चांगला माल सोडणं. कंपन्यांनी बदलून काढून टाकलेले लेनोव्होचे थिंकपॅड टी४८० किंवा डेलचे लॅटिट्यूड ७४९० मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात बघायला मिळतात. दोन्ही बहुतेक आठव्या पिढीच्या प्रोसेसरसह येतात (तरी पिढी विचारून घ्या), दोन्हींत रॅमचे दोन स्लॉट. टी४८० ची मागची बॅटरी तर स्क्रू न उघडता निघते. घेताना बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना ते पाहा, बिल मागा, आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता एकाखाली एक दिसते. ५०,००० मिलिवॉट-तासांतले ३०,०००च उरले असतील, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या.

राहिला लाखभराचा मुद्दा. चार वर्षांत महागड्या लॅपटॉपच्याही बॅटरीची क्षमता उतरतेच. उरलेले पैसे तिसऱ्या वर्षाला ठेवा, तोवर कुठलं सॉफ्टवेअर लागतंय ते कळलेलं असतं.

फक्त काटकसरीच्या नादात ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसीचा (एसएसडीपेक्षा हळू, स्वस्त स्टोरेजचा) कोरा करकरीत सेलेरॉन, म्हणजे इंटेलच्या स्वस्त प्रोसेसरचा लॅपटॉप, उचलू नका. विंडोजचा मोठा अपडेट आला की त्यात जागाच उरत नाही.